जुन्यानव्याचा निवाडा

दुकानाच्या फळीवर प्लास्टिकच्या दोन बरण्या शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांतील नव्या दाण्याची कोणती व जुने प्लास्टिक वितळवून घडविलेली कोणती असे विचारले, तर सामान्य गृहस्थास उत्तर देता यावयाचे नाही. रसायनशाळेतील तज्ज्ञासही ते खात्रीने देता येईलच असे नाही. प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु घरातील अन्न ज्या डब्यात राहते तो डबा, मूल जे खेळणे तोंडात घालते ते खेळणे, आणि सरकारचे कचऱ्याविषयीचे सारे धोरण या एका प्रश्नावर अवलंबून आहे. म्हणून आम्ही आज तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून मालाला वेष्टन घालणाऱ्या उत्पादकांवर नवे उत्तरदायित्व टाकले. कठीण प्लास्टिकच्या वेष्टनांत 2025-26 साली 30 टक्के जुने प्लास्टिक असावे व 2028-29 पर्यंत हे प्रमाण 60 टक्क्यांवर जावे, असे त्यात ठरविण्यात आले. हेतू स्तुत्य होय. भंगाराला भाव आला म्हणजे ते नाल्यात जाणार नाही, आणि उन्हातान्हात कचरा वेचणाऱ्या स्त्रीच्या पदरात चार पैसे अधिक पडतील. परंतु ज्या वस्तूला कायद्याने मागणी निर्माण होते, तिची नक्कलही तत्काळ निर्माण होते, हा व्यापाराचा जुना अनुभव आहे. पूर्वी फसवणूक एकाच दिशेने होत असे: जुना माल नवा म्हणून खपविला जाई. आता उलट दिशेनेही वाट मोकळी झाली आहे. जुने प्लास्टिक निवडणे, धुणे व शुद्ध करणे यांस खर्च येतो. खनिज तेल स्वस्त झाले की नवा दाणा त्याहून स्वस्त पडतो. मग नव्यालाच जुने म्हणून मिरविण्याचा मोह कोणास होणार नाही?

ओळखण्याच्या खुणा मुळीच नाहीत असे नव्हे. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. प्रत्येक वेळी वितळविताना उष्णतेने व प्राणवायूने त्या तुटतात वा बिघडतात. त्यामुळे माल पिवळट किंवा करडा दिसतो, त्यात काळे ठिपके येतात, उग्र वास राहतो, ठिसूळपणा वाढतो. प्रयोगशाळेत वितळलेल्या मालाचा दाटपणा मोजतात, अवरक्त किरणांनी त्याची परीक्षा करतात आणि दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकची भेसळ हुडकतात. पण यांतील प्रत्येक खुणेवर उतारा आहे. गडद रंग दिला की ठिपके व पिवळेपणा झाकले जातात. बाटल्यांच्या ‘पेट’ प्लास्टिकच्या तुटक्या साखळ्या विशिष्ट प्रक्रियेने पुन्हा लांब करता येतात. जुने प्लास्टिक रासायनिक क्रियेने मूळ घटकांपर्यंत नेऊन पुन्हा बांधले, तर नव्याजुन्यात भेद असा उरतच नाही. उलट, निष्काळजीपणाने तापविलेला नवा मालही पिवळा पडतो. धारावीत प्लास्टिक निवडणारे कामगार तुकडा वाकवून, आपटून वा जाळून त्याची जात सांगतात. पण जात सांगणे निराळे आणि वय सांगणे निराळे. तात्पर्य, परीक्षेने संशय घेता येतो. अमुक वस्तूत 30 टक्के जुने प्लास्टिक आहे असे प्रमाणपत्र केवळ तिच्या बळावर देता येत नाही.

सुशिक्षितांचाही येथे एक गैरसमज आहे. बाटलीच्या तळाशी बाणांचा त्रिकोण व आत आकडा दिसला की वस्तू जुन्या प्लास्टिकची आहे असे अनेकांस वाटते. तो आकडा केवळ प्लास्टिकची जात सांगतो. 1988 साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने ही खूण सुरू केली, ती वर्गीकरणाच्या सोयीसाठी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातलाच हा प्रकार!

या अज्ञानाची किंमत आरोग्याने मोजावी लागते. टाकून दिलेल्या विद्युत उपकरणांच्या काळ्या प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीनयुक्त द्रव्ये घातलेली असतात. असे प्लास्टिक वितळून खेळण्यांत व स्वयंपाकघरातील वस्तूंत शिरल्याचे युरोपातील तपासण्यांत आढळले आहे. आपल्याकडे 1999 च्या नियमांनी जुन्या प्लास्टिकच्या पिशव्यांत खाद्यपदार्थ देण्यास मनाई केली होती, ती याच भीतीपोटी. पुढे 2022 मध्ये अन्नाच्या वेष्टनांसाठीही ठरावीक मानके पाळून जुन्या प्लास्टिकचा मार्ग खुला करण्यात आला. मानके पाळली गेली तर त्यात आम्हांस वावगे दिसत नाही. परंतु ती पाळली गेली हे कोण सांगणार?

डोळा सांगू शकत नाही, प्रयोगशाळा पुरते सांगू शकत नाही, तेव्हा मालाचा कुलवृत्तांत सांगणारी वही हाच एक पुरावा उरतो. आणि त्या वहीची दशा काय आहे? 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटकातील मोजक्या कारखान्यांनी दिलेली सुमारे 6 लक्ष प्रमाणपत्रे बनावट असल्याचे उघड झाले. न झालेल्या कामाचे दाखले विकले गेले होते! कुंपणच शेत खाऊ लागल्यावर दाद मागावी कोणाकडे?

आमचे म्हणणे असे की, सरकारने कागद तपासण्यापेक्षा माल तपासावा. कारखान्यात किती टन भंगार आले, किती वीज जळली आणि किती दाणा बाहेर पडला, या तीन आकड्यांचा मेळ घातला तर बहुतेक लबाडी आपोआप उघडी पडेल. हा मेळ कारखान्याने पगार दिलेल्या परीक्षकाने नव्हे, तर पूर्वसूचना न देता येणाऱ्या स्वतंत्र परीक्षकाने घालावा. अन्नाच्या वेष्टनांसाठी निवडलेले प्लास्टिक आरंभापासून वेगळे ठेवावे. वेष्टनावरील टक्केवारी ग्राहकास वाचता येईल अशा अक्षरांत व त्याच्या भाषेत छापावी. बनावट दाखल्याचा दंड त्यातून मिळणाऱ्या नफ्याहून मोठा असावा.

मात्र या कडकपणात सुक्याबरोबर ओले जळू नये. इमानेइतबारे काम करणाऱ्या छोट्या कारखानदाराला वह्या ठेवण्यास साह्य हवे. केवळ कागद अपुरा म्हणून त्याचे दार बंद झाले, तर बाजार पुन्हा लबाडांच्याच हाती जाईल.

सोन्यासाठी कसोटीचा दगड आहे, दुधासाठी दुग्धमापक आहे. प्लास्टिकच्या वयासाठी निसर्गाने असे साधन दिलेले नाही. येथे कसोटी लागायची आहे ती मालाची नव्हे, शासनाच्या दक्षतेची व व्यापाऱ्याच्या सचोटीची. ग्राहकाने बरणी उजेडात धरून तिचे वय ताडावे, अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याने पैसे मोजले आहेत. खरे सांगण्याचे ओझे विकणाऱ्याने आणि दाखला देणाऱ्याने उचलले पाहिजे.