आवाज बंद झाला म्हणजे बिघाड गेला?

मोटारसायकल ठकठक करू लागली की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. मागच्या चाकाचा नट सैल करायचा, ॲडजस्टर थोडा फिरवायचा, चेन ताणायची. आवाज थांबतो, गिऱ्हाईक समाधानानं जातं. ही दुरुस्ती कित्येकदा दुर्लक्षापेक्षा जास्त नुकसान करते, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेन म्हणजे एकसंध पट्टा नव्हे. तिच्यात शंभराहून अधिक कड्या असतात आणि त्या सारख्या झिजत नाहीत. पावसाळ्यातला चिखल आत जातो, तेल सुकतं, दोन-चार कड्या आखडतात, बाकीच्या सैलावतात. मग एकच चेन एका जागी घट्ट लागते आणि दुसऱ्या जागी लोंबते. मिस्त्रीनं बोट लावलं तिथं ती लोंबत असली तर तो ताणतो. घट्ट भाग फिरून येतो तेव्हा तीच चेन तारेसारखी कडक होते, आणि तो ओढा गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर बसतो. काही महिन्यांनी तिथलं सील गळू लागतं, पण तोवर त्या ताणलेल्या चेनचा कुणाला संशयही येत नाही.

त्यात वजनाचा भाग आहे. ओझं पडलं की सस्पेन्शन दबतं. पुढचं स्प्रॉकेट, मागचा फोर्क जिथं गाडीला जोडलेला असतो तो बोल्ट आणि चाकाचा ॲक्सल एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. म्हणून तर नेहमीच्या 100-125 सीसी गाड्यांच्या पुस्तिकेत चेनला साधारण दोन-तीन सेंटिमीटर झोल ठेवायला सांगतात. डबल स्टँडवर छान ताठ दिसणारी चेन दुधाचे दोन भरलेले कॅन लटकवल्यावर खड्ड्यात किती ओढली जाते, याचा विचार स्टँडवर होत नाही.

मग आवाज ओळखायचा कसा? मोजून. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रल. टायरला धरून चाक हातानं सावकाश फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावण्याची सवय अनेकांना आहे. त्यात बोटं स्प्रॉकेटमध्ये ओढली जाऊन तुटतात. हे कोणीही, कधीही करू नये.

समजा पुढं 14 दात, मागं 42 आणि चेन 112 कड्यांची. चाकाच्या एका फेऱ्यात पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं, तर चेनला पूर्ण वळसा घ्यायला चाकाचे पावणेतीनला थोडे कमी फेरे लागतात. ठोका दर फेऱ्याला एकदा येत असेल तर दोष मागच्या स्प्रॉकेटमध्ये किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये शोधा. फेऱ्यात तीनदा आला तर पुढचं स्प्रॉकेट पाहा. दोन-अडीच फेरे शांत जाऊन एकदाच आला तर आखडलेली कडी. अशी चेन स्प्रॉकेटांसह बदलावी. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवणं म्हणजे ती लवकर झिजवणं.

एक्सिलेटर सोडताना आणि पुन्हा देतानाच ठक् होत असेल, तर हबमधले ड्रम रबर पाहा. स्प्रॉकेटचा झटका चाकाला थेट बसू नये म्हणून ते असतात. चाक घट्ट धरून स्प्रॉकेट पुढंमागं हलवलं आणि चांगलंच खेळलं, तर रबर गेले. ही वस्तू स्वस्त आहे, तरी चेन ताणण्यापुढं ती कुणाला आठवत नाही, याचं वाईट वाटतं.

गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, आणि तरीही आवाज असेल तर चेनचा संबंध नाही. क्लच दाबल्यावर थांबला तर दोष बहुधा क्लच किंवा गिअरबॉक्सकडे. पण एक्सिलेटरबरोबर वाढणारा, खोल, जड ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. त्यावर जाड ऑइल घालतात. ठोका काही दिवस दबतो, बेअरिंग झिजतच राहतं. रॉड तुटला तर तो इंजिनचं केसिंग फोडून बाहेर येऊ शकतो आणि ऑइल मागच्या टायरखाली सांडतं. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, टेम्पोत घालून न्यावी.