गावचं जुनं घर दुरुस्त करताय? रंग शेवटी, आधी छप्पर

गणपतीच्या आधी घर ‘नवं’ दिसावं म्हणून एका दमात सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत रंग. कोकणात हे सर्रास दिसतं. माझ्या मते हा पैसा अक्षरशः पाण्यात जातो.

जांभ्याची, चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल शोषते आणि ऊन पडलं की बाहेर टाकते. चुन्याचा गिलावा ही वाफ जाऊ देतो, घट्ट सिमेंट आणि प्लास्टिक पेंट ती अडवतात. मग ओल घरात उतरते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात. सिमेंट जास्त मजबूत, असं कंत्राटदार सांगतो. खरंच आहे, पण इथे तेच नडतं.

त्यापेक्षा काम दोन-तीन उन्हाळ्यांत वाटा. पहिल्या वर्षी फक्त शाकारणी, कुजलेले वासे-रिपा, आणि पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब नेणारा उतार. मग एक पावसाळा नुसतं बघा. कुठली भिंत खरंच ओली राहते आणि कुठली केवळ फुटक्या कौलामुळे भिजत होती, ते तेव्हाच कळतं. पुढच्या वर्षी तेवढ्याच भिंतीचं सिमेंट काढून चुना लावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, म्हणून थर पातळ हवेत आणि दोन थरांत दिवस जाऊ द्यायला हवेत. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधणं हीच मोठी अडचण. तो मिळेपर्यंत भिंत थांबू शकते, छप्पर नाही.

यंदा गणपतीला भिंत डागाळलेलीच दिसेल. मुंबईहून आलेल्यांना सांगा, काम चालू आहे.