पाटी बदलली, पण खुर्चीवर आपलं कोण?

दुबईत 2021 साली कायदा क्रमांक 13 आला आणि दुबई अकॅडमिक हेल्थ कॉर्पोरेशन उभं राहिलं. रशीद, दुबई, लतीफा, हत्ता ही सरकारी हॉस्पिटलं आधी दुबई हेल्थ ऑथॉरिटी चालवायची. 2023 मध्ये ती या नव्या संस्थेकडे गेली. पाटीवर आता ‘दुबई हेल्थ’. ऑथॉरिटीकडे राहिलं नियम करायचं आणि देखरेखीचं काम.

हा बदल चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ठेकेदारच कन्सल्टंट झाला तर स्लॅबचं काय होतं, हे साइटवरच्या माणसाला सांगायला नको. माझा सवाल वेगळा आहे. एवढा कारभार बदलला, त्यात कामगाराला खुर्ची कुठे आहे?

लोक म्हणतात, "अरे, आपण इथे पाहुणे. पगार घ्या, गप बसा." पाहुणा कधी उन्हात स्टील बांधतो का? या देशात दहातले जवळपास नऊ जण बाहेरून आलेले. स्कॅफोल्डिंगवरून पडून ट्रॉमा सेंटरला जातो तो आपलाच माणूस असतो.

आपल्याकडे 1948 च्या ईएसआय कायद्यानं महामंडळावर मालकांचे दहा आणि कामगारांचे दहा प्रतिनिधी बसवले. ईएसआय दवाखान्यातली रांग आणि औषधांची बोंब मी झाकत नाही. पण भांडायला कायद्यानं जागा तरी आहे. इथे युनियनच नाही, मग प्रतिनिधी पाठवणार कोण?

बरं, खुर्ची लांब राहिली. निदान कायद्यात आहे ते तरी हातात द्या. 2013 च्या कायदा क्रमांक 11 प्रमाणे दुबईत विम्याचा खर्च मालकाचा. 1 जानेवारी 2025 पासून शारजा, अजमानसह उत्तरेकडच्या अमिरातींतही मालकावर ही सक्ती आली. बेसिक पॅकेज वर्षाला 320 दिरहम. पण त्यात ओपीडीचे 25 टक्के कामगारानंच भरायचे, एका वेळी जास्तीत जास्त 100. हजार दिरहमवाल्या हेल्परला 100 म्हणजे तीन दिवसांची मजुरी. मग तो ताप अंगावरच काढतो.

आमच्या साइटवर एकाचा हात ग्राइंडरनं कापला. विमा होता, पण कुठलं हॉस्पिटल चालतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रक्त वाहत होतं आणि लोक पीआरओला फोन लावत होते.

म्हणून मागणी साधी आहे. हॉस्पिटलच्या कारभारात रुग्णांचं ऐकणारी समिती हवी आणि तिच्यात लेबर कॅम्पमधली माणसं हवीत. तक्रार आपल्या भाषेत करता आली पाहिजे. विम्याची माहिती कॅम्प बॉसच्या कपाटात नको, कामगाराच्या मोबाईलवर हवी.

आणि सुपरवायझर भावांनो, शेवटच्या कामाला कायद्याची वाट बघू नका. उद्याच्या टूलबॉक्स टॉकमध्ये हार्नेससोबत विम्याचं कार्डही तपासा.