सोपो द्यायचा, दाद कोणाकडे मागायची?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला सोपो द्यावा लागतो. सोपो वाढला की ती कुरकुरते, पावती फाडणाऱ्याशी हुज्जत घालते, आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर चारचौघींना घेऊन नगरपालिकेच्या दारात उभी राहते. परंतु सोपो घेणारा तिच्या मिरच्या स्वतः तोलत नाही, गिऱ्हाइकाचे पैसे आपल्यापाशी अडकवून ठेवीत नाही, शेजारी आपल्या मर्जीतले दुकान थाटीत नाही, आणि ‘उद्यापासून इथे बसायचे नाही’ असे कारण न देता बजावीतही नाही. ऑनलाइन बाजारपेठेत ही सारी कामे एकच धनी करतो, आणि त्याच्या दारात उभे राहावे तर दारच सापडत नाही.

या बाजारपेठांनी छोट्या विक्रेत्याला काहीच दिले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. काणकोणची खोला मिरची, सत्तरीचे काजू, घरगुती कोकम आगळ यांना इंदूर-बडोद्याचे गिऱ्हाईक एरवी कोठून मिळाले असते? विक्रेते सगळेच सोवळे आहेत असेही नाही. हलका माल खपवणारे तेथेही आहेत. प्रश्न आहे तो प्रामाणिकपणे धंदा करू पाहणाऱ्याचा.

त्याची खरी कोंडी होते ती माल साठवण्याच्या आणि पाठवण्याच्या व्यवस्थेत. माल घरून पाठवावा किंवा कंपनीच्या गोदामात सोपवावा, असे दोन मार्ग कागदावर खुले असतात. परंतु जलद पोहोचण्याचा शिक्का आणि यादीतील वरची जागा गोदामातल्या मालाला सहज लाभत असेल, तर त्या निवडीला निवड तरी कसे म्हणावे? नेमक्या याच कारणावरून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉनला जबर दंड ठोठावला होता. आपल्याकडे गोदाम भिवंडीत असेल तर फोंड्याचा माल आधी भिवंडीला जातो आणि मडगावच्या गिऱ्हाइकासाठी परत गोव्यात येतो. समजा, आगळाच्या शंभर बाटल्या दिल्या आणि नोंद ब्याण्णवांची झाली. उरलेल्या आठ फुटल्या, हरवल्या की मोजल्याच गेल्या नाहीत, हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर. म्हणून माल बांधताना आणि परत आलेले पुडके उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करण्याची सवय आता अनेकांनी लावून घेतली आहे. पाठवली एक वस्तू आणि परत आली दुसरीच, हा अनुभव त्यांना नवा नाही. तक्रार केली तर यंत्राचे ठरावीक उत्तर येते. पुन्हा केली तर तेच पुन्हा येते.

वजनाचीही एक गंमत आहे. पाठवणीचा खर्च पुष्कळदा तराजूवर नव्हे, तर आकारमानावर ठरतो: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार करून त्याला ५,००० ने भागायचे. ३० बाय ३० बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात करवंटीचा दिवा ठेवला तर प्रत्यक्षात किलोभरही नसलेली वस्तू ३.६ किलोची ठरते. वर दलाली, त्या सेवांवर १८ टक्के जीएसटी, आणि माल परत आला तर परतीचा भुर्दंड वेगळाच. यात कारागिराच्या हाती काय उरते, ते त्याने सांगण्याची गरज नाही.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. परकीय गुंतवणुकीच्या बाजारपेठांनी गोदाम, वाहतूक, जाहिरात आदी सेवा सर्व विक्रेत्यांना न्याय्य रीतीने आणि भेदभाव न करता द्याव्यात, असे केंद्राने बजावले. तो नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप मिळते, या दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. कंपन्या न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी रोखण्यास नकार दिला, तरी कज्जेदलाली संपली नाही. एवढ्या अवधीत छोटा विक्रेता दोनदा बुडून जाईल. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असे बंधन घातले. ते योग्यच झाले. विक्रेत्याच्या तक्रारीला मात्र असे घड्याळ कोणी लावलेले नाही. युरोपीय संघात जुलै २०२० पासून अटी बदलण्यापूर्वी किमान १५ दिवसांची आणि खाते कायमचे बंद करण्यापूर्वी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची सकारण पूर्वसूचना द्यावी लागते. एवढे आपल्याकडे का होऊ नये, याचे उत्तर आम्हांस तरी सापडत नाही.

सरकारचाही वाटा यात आहे. ऑक्टोबर २०२३ पासून अल्प उलाढालीच्या विक्रेत्याला नोंदणीविना ऑनलाइन विक्री करता येते, पण ती स्वतःच्या राज्यातच. उत्तर प्रदेशात ही सवलत मोठी असेल. गोव्यात तिचे मोल ते काय? पेडण्याच्या पलीकडे सावंतवाडीला पुडके पाठवायचे म्हटले की सवलत संपली. भिवंडीत माल ठेवायचा तर महाराष्ट्राची नोंदणी वेगळी. अनेक राज्यांत माल विकणाऱ्या छोट्यांसाठी सुलभ नोंदणी असावी, हे जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये तत्त्वतः मान्य केले आहे.

राज्याच्या उद्योग खात्याने आपल्या बचत गटांना मेळाव्यांत दुकाने मांडून देण्यावरच न थांबता, अशा तक्रारी लिहून घेणारा एक जाणता अधिकारी नेमावा. आणि २०१९ चा तो नियम आजवर किती विक्रेत्यांच्या उपयोगी पडला, याचा हिशेब केंद्राकडे संसदेत मागावा. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीनच खासदार आहेत. हा प्रश्न विचारायला त्यांतला एकही पुरे.