साबण, सुतळी आणि काडतुसं

माणूस साठीच्या पुढे गेला की त्याला जुनी दुकानं आठवू लागतात. आमच्या धुळे-जळगावकडे तर ह्या आठवणींचा हंगामच असतो. उन्हाळ्यात जेवणं आटोपून अंगणात खाटा पडल्या आणि वीज गेली, की एकेकाला कंठ फुटतो. कुणाला आण्याची शेव आठवते, कुणाला तुपाचा डबा आठवतो, कुणाला सोन्याचा भाव आठवतो. (जळगावकरांना तो नेहमीच आठवतो, आणि आजच्या भावासकट आठवतो.) ह्या आठवणींशी माझं काही भांडण नाही. शेव स्वस्त होती असं म्हटल्यानं कुणाचा जीव जात नाही. पण अलीकडे एका आठवणीनं फारच उचल खाल्ली आहे आणि तिच्याविरुद्ध लेखणी उचलणं मला भाग आहे. ती म्हणजे बंदुकीच्या दुकानाची आठवण.

आमचे थोरले मामा ह्या संप्रदायाचे मुख्य कीर्तनकार. "अरे, तुम्ही काय दुकानं पाहिली! आमच्या वेळी एकाच काउंटरवर साबण, सुतळी, पेट्रोमॅक्सचं मेंटल आणि बारा बोअरची काडतुसं मिळायची. गिऱ्हाईक यायचं, पावशेर साखर अन् सहा एल.जी. द्या म्हणायचं, पुडी बांधून घ्यायचं आणि सायकलवर टांग मारून निघायचं. कुणी भ्यायचं नाही, कुणी भांडायचं नाही. बंदूक होती म्हणून माणसं रीतीनं वागायची!"

ही कथा मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या दुकानात एक बंदूक होती. मी मॅट्रिकला गेलो तोवर ती दुनळी झाली. माझं लग्न झालं त्या वर्षी दुकानदारानं रायफली ठेवायला सुरुवात केली. आता फक्त तोफ यायची राहिली आहे.

पण थट्टा राहू द्या. असं दुकान खरंच होतं का? होतं. मात्र ते धुळ्याच्या गल्ली नंबर अमुकमध्ये नव्हतं, मुंबईला काळ्या घोड्यापाशी होतं. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स त्याचं नाव. १८७१ साली लंडनच्या लष्करी अधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून आपली एक सहकारी सोसायटी काढली आणि तिनं १८९१ साली मुंबईत दुकान थाटलं. टोपी, तंबू, ट्रंक, बिस्किटं आणि बंदुका असा सगळा संसार एका छपराखाली. बंदुकीवर सोसायटीचं स्वतःचं नाव कोरलेलं. आपल्याकडे सहकार म्हटलं की साखर आठवते. साहेबाच्या सहकारातून काडतुसं निघत होती.

आता मामांना माझा पहिला प्रश्न असा, की त्या काउंटरच्या अलीकडच्या बाजूला कोण उभं होतं? १८७८ साली लॉर्ड लिटननं शस्त्रांचा कायदा केला. त्या कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी झाली आणि गोऱ्या माणसाला त्यातून सूट मिळाली. म्हणजे साबण आणि काडतूस एकाच काउंटरवर होतं खरं, पण आमच्या आजोबांच्या वाट्याला त्यातला साबणच होता. काडतुसासाठी आधी कलेक्टरकचेरी, मग मामलेदार, मग फौजदार, मग पुन्हा कलेक्टरकचेरी. ज्या दुकानात आपल्या आजोबांना दाराशी उभं केलं असतं, त्या दुकानाच्या आठवणीनं नातवानं डोळे पुसावेत, ह्याला काय म्हणावं?

मामा हुशार आहेत. ते लगेच बाजू बदलतात. "तेच तर म्हणतो मी! इंग्रजानं आपल्याला नि:शस्त्र केलं. स्वराज्य आल्यावर तरी बंदूक खुली करायला नको होती?"

हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८८७ च्या मद्रास काँग्रेसनंच ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. १९३१ साली कराचीत मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्याच्या सुधारलेल्या मसुद्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामथांनी तो हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी सरसकट असा हक्क देणं शक्य नाही असं बजावलं आणि दुरुस्ती पडली. ज्यांच्या समाजानं शतकानुशतकं दुसऱ्याच्या हातातलं शस्त्र पाहिलं, त्या माणसानं विचार करून घेतलेली ही भूमिका आहे. आमच्या अंगणातल्या खाटेवरून ती खोडून काढायला मामांचा आवाज पुरतो, पुरावा पुरत नाही. १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला, १९६२ पासून अमलात आला, त्यात गोऱ्याकाळ्याचा भेद गेला आणि परवाना राहिला. माझ्या मते हा सौदा वाईट नाही.

आणि खान्देशी माणसानं बंदुकीची आठवण काढायचीच, तर सगळी काढावी. १८२५ साली जेम्स औट्रम धरणगावला आला आणि त्यानं भिल्लांची पलटण उभी केली. आधी ज्यांचा डोंगर हिसकावला, त्यांनाच गणवेश आणि बंदूक देऊन डोंगरावर पहारा करायला लावलं. फावल्या वेळात साहेबानं वाघ मारले. नऊदहा वर्षांत औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी दीडशेच्या वर वाघ लोळवले. तेवढे वाघ आपल्या खान्देशात होते, हे वाचून छाती फुगावी की मान खाली जावी, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आज आपण यावल अभयारण्यात एक पंजा उमटलेला दिसला तरी वर्तमानपत्रात फोटो छापतो.

ह्या शिकारीनं एक उपकार केला, तो नाकारत नाही. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर निघाला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. पण तिथंही गड्यानं काय केलं, तर दहाव्या लेण्यात आपलं नाव कोरून ठेवलं. आपल्या कॉलेजकुमारांची परंपरा किती जुनी आहे ते कळलं ना?

आणखी एक आठवण आहे, ती मामा काढत नाहीत. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार. तेव्हा ते पश्चिम खान्देशात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. तिरंगा घेऊन निघालेल्या पोरांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमार शाळकरी वयाचा. खान्देशाच्या बाजारात बंदूक कोण विकत होतं ह्यापेक्षा ती कुणाच्या छातीवर रोखली जात होती, हे मला जास्त आठवतं. ह्या विषयावर मामा गप्प होतात आणि पाणी मागतात.

मग मामांचा अमेरिकेतला नातू मदतीला धावतो. तो सुट्टीत आला की आजोबांना सांगतो, "तिकडे सिअर्सच्या दुकानात फ्रिज मिळायचा तशी बंदूक मिळायची. टपालानंसुद्धा यायची." खरं आहे. १९६३ साली शिकागोच्या एका दुकानाला टपालानं एकवीस डॉलर पंचेचाळीस सेंट पाठवून एकानं खोट्या नावावर दुर्बीण लावलेली रायफल मागवली होती. त्याचं खरं नाव ली हार्वी ओस्वाल्ड. त्या वर्षी त्यानं केनेडींना मारलं, आणि १९६८ साली टपालाच्या बंदुका बंद झाल्या. वॉलमार्टनंही २०१९ साली त्यांच्याच एल पासोच्या दुकानात हत्याकांड झाल्यावर पिस्तुलाची काडतुसं विकणं थांबवलं. तिकडे आज माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. बंदुकीनं माणसं रीतीनं वागतात हा मामांचा सिद्धांत खरा असता, तर अमेरिका एव्हाना आळंदी झाली असती.

खुद्द मामांकडे परवान्याची एक दुनळी आहे, वडिलांकडून आलेली. तिचा पराक्रम सांगतो. लोकसभेची निवडणूक आली की ती ठाण्यात जमा. विधानसभेची आली, जमा. मग जिल्हा परिषद, मग पालिका. ती सुटून घरी येते तो दुसरी आचारसंहिता लागते. एकूण हिशेब केला तर ती बंदूक मामांच्या घरात माहेरवाशिणीसारखी राहते आणि ठाण्यात सासरी नांदते. दसऱ्याला ती घरी असलीच, तर मामी तिला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू लावतात आणि नमस्कार करून म्हणतात, "हिचा बार काही कधी ऐकला नाही बाई!" शिकारीला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं कुलूपच लागलं. परवान्याच्या नूतनीकरणाला, तेलपाण्याला आणि रिक्षाला गेलेल्या पैशांत मामींच्या पाटल्या झाल्या असत्या. हा हिशेब माझा नाही, मामींचा आहे.

उलट खान्देशात दारूगोळा कमी आहे असंही कुणी समजू नये. वरणगावच्या कारखान्यात १९६४ पासून फौजेसाठी गोळ्या होतात. शेजारी भुसावळच्या कारखान्यात त्या भरायची खोकी होतात. म्हणजे गोळी आमची, खोकंही आमचं, आणि दोन्ही सरकारजमा. तरी दोन्ही गावची माणसं रीतीनं वागतात. भुसावळला गाडी चुकली तरच काय ते शब्द ऐकू येतात.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. बंदुकीचं दुकान नाहीसं झालं म्हणून बंदूक नाहीशी झाली का? नाही. सातपुड्यातल्या उमर्टीचं नाव जळगावच्या वर्तमानपत्रांत गावठी कट्ट्याच्या बातमीत किती वेळा येतं, ते चोपड्याच्या माणसाला विचारा. स्वित्झर्लंडमधल्या स्मॉल आर्म्स सर्व्हे ह्या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजाप्रमाणे भारतात लोकांच्या हाती सातएक कोटी बंदुका आहेत आणि त्यांतल्या परवान्याच्या जेमतेम सत्त्याण्णव लाख. बाकीच्या कुठल्या काउंटरवरून आल्या? वाढदिवसाला तलवारीनं केक कापणारी पोरं आपण पाहतो. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे महाभागही देशात आहेत. वर गेलेली गोळी खाली येते, एवढं भौतिकशास्त्र त्यांना शाळेत शिकवलं होतं, पण त्या दिवशी ते शाळेत नव्हते. ह्या पोरांच्या कानावर आपण "काय सुंदर दिवस होते, साखरेबरोबर काडतूस मिळायचं" असं घालतो, तेव्हा आपण फक्त म्हातारपणचा चाळा करत नाही. एका रोगाला आपण संस्कृती म्हणतो आहोत.

"अरे, पण शेतकऱ्याचं काय?" असं मामा विचारतात, आणि हा त्यांचा एकमेव प्रश्न आहे जो मला रात्री झोपू देत नाही. मक्यात रानडुकरं शिरतात, हरभऱ्यात रोही शिरतात, एका रात्रीत वर्षाची कमाई जाते. शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही. पण त्याचा इलाज बंदूक आहे का, हे मी एरंडोलकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यालाच विचारलं. तो हसला. "बंदूक लिसन काय करशी, भाऊ? रातले डुक्कर दिखस का? तुन्हा नेम चुकना ते डुक्कर मरत नही, शेजारना माणूस मरस." त्याला हवी होती ती झटका मशीन, तिच्यासाठी वेळेवर मिळणारं अनुदान आणि पंचनाम्याला पीक वाळायच्या आत येणारा माणूस. ह्यातलं एकही बंदुकीच्या दुकानात मिळत नाही. शेतकऱ्याच्या नावानं गळा काढणाऱ्यांनी एकदा शेतकऱ्याला विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

मग त्या जुन्या दुकानांतलं काहीच जपण्यासारखं नव्हतं का? होतं. जिल्ह्याच्या गावी परवान्याचं असं एखादं दुकान असे. खडकीची शक्तिमान छापाची काडतुसं, टॉर्च, चाकू, मासे धरायचे गळ. त्या दुकानातली एक वस्तू मला खरोखर आठवावीशी वाटते, ती म्हणजे लाल कापडी बांधणीची जाड वही. किती काडतुसं नेली, कोणत्या परवान्यावर नेली, कधी नेली, सगळं तिच्यात. साबण घेताना दुकानदार काही विचारत नसे. काडतूस मागितलं की चष्मा कपाळावरून नाकावर घेई आणि विचारी, "कशाला हवं?" गिऱ्हाईक कितीही मोठ्या घरचं असो, उत्तर द्यावंच लागे. आणि ती वही तपासायला पोलीस येत. मामांना वाटतं, बंदूक होती म्हणून माणसं रीतीनं वागत. छे! वही होती म्हणून वागत.

तेव्हा स्मरणवाले मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्हाला त्या दुकानाचं पुनरुज्जीवन करायचंच असेल, तर आधी वही परत आणा. आज मोबाइलवर काहीही मागवा, दहा मिनिटांत दारात येतं, आणि कशाला हवं असं कुणी विचारत नाही. कट्टा विकणारा तर मुळीच विचारत नाही. तो प्रश्न विचारणारा माणूस परत आला, तर मी स्वतः मामांना घेऊन त्याच्या दुकानात जाईन आणि पावशेर साखर घेऊन येईन.

तोवर मामांच्या बंदुकीची शिसवी पेटी तेवढी माझ्या नावावर करावी, असं मी त्यांना सुचवलं होतं. पण मामींनी ती आधीच ताब्यात घेतली आहे. बंदूक आचारसंहितेत आत गेली, की त्या तिच्यात कुरडया ठेवतात. म्हणतात, "हिच्यात मुंगी शिरत नाही."