संध्याकाळी सातचे युनिट

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत नळाला पाणी आले की घरोघरी टाक्या भरून घेतात. विजेकडेही आपण त्याच नजरेने पाहतो: कुठेतरी मोठा साठा असणार, आणि ‘लाईट गेली’ म्हणजे कुणीतरी तोटी बंद केली. पण तारेत वीज साठत नाही. पेठेत मिक्सर सुरू झाला की तेवढी वीज त्याच क्षणी कुठल्यातरी जनित्रातून निघावी लागते. सायकलचा डायनामो टायरला टेकवला की पायडल जड होते, तसेच जनित्राचे. मागणी वाढली की ते मंदावू पाहते, घटली की सुसाट सुटते. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वीजवाहिनी जोडली गेली, तेव्हापासून दक्षिणेची जनित्रेही बाकी देशाच्या तालात फिरतात, सेकंदाला 50 आवर्तनांच्या. 5 एप्रिल 2020 च्या रात्री पंतप्रधानांच्या आवाहनावरून नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने घसरली. तो धक्का मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी पेलला. पाणी मिनिटांत सोडता-अडवता येते, कोळशाच्या बॉयलरला ती चपळाई नाही.

म्हणूनच युनिटा-युनिटात फरक असतो, आणि बिलात तो दिसायला हवा, असे माझे मत आहे. दुपारी एकला सौर वीज भरपूर असते. सातला सूर्य मावळलेला किंवा मावळतीला असतो आणि दिवे, टीव्ही, पंखे, शेगड्या एकदम सुरू होतात. ही वेळ निभावायला कोयनेची जलवीज आहे, 1,960 मेगावॅटची. पण ती अष्टौप्रहर चालवता येत नाही. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. मोजके पाणी आणि अमर्याद संध्याकाळ, असा हा हिशेब आहे. ‘मग नवी केंद्रे बांधा’ हे उत्तर सोपे वाटते. पण दिवसातून दोन-तीन तासांसाठी उभारलेल्या केंद्राचे व्याज बाकीचे एकवीस तासही चढतच असते, आणि ते शेवटी आपल्याच बिलात येते, दुपारी वीज वापरणाऱ्याच्याही.

विजेला वेळ असते, हे शहराला नवे असेल, शेतकऱ्याला नाही. कृषिपंपांना वर्षानुवर्षे पाळीपाळीने वीज मिळाली, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. साप-विंचवाच्या भीतीत पाटाचे पाणी फिरवायचे. फेब्रुवारी 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टींनी कोल्हापुरात ठिय्या मांडला तो दिवसा वीज द्या म्हणूनच. इतरांची मागणी उतरल्यावर जी वीज उरे, ती शेताच्या वाट्याला येई. तो भार एकट्या शेतकऱ्याने का वाहायचा?

आक्षेप येतो तो नोकरदार घराचा: संध्याकाळी सातला स्वयंपाक नाही करायचा तर कधी? आक्षेप रास्त आहे. दिवा, पंखा, मुलांचा अभ्यास हलवता येत नाही, आणि थोडी वीज वापरणाऱ्या घराला संध्याकाळच्या वाढीव दराची झळ लागता कामा नये. तशी सवलत नसेल तर या दराला मीही विरोधच करीन. पण वॉशिंग मशिन, इस्त्री, इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जिंग यांना सातचाच मुहूर्त लागत नाही. दुसरा आक्षेप बॅटरीचा: दुपारची वीज साठवून का ठेवत नाही? साठवण होते, फुकट होत नाही. घाटघरला 250 मेगावॅटचे केंद्र खालच्या जलाशयातले पाणी वर चढवते आणि गरजेला खाली सोडते. चढवायला जेवढी वीज लागते त्यातला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा परत मिळत नाही. तरीही ते केले जाते, कारण संध्याकाळची वीज तेवढी मोलाची असते. अपार्टमेंटच्या तळटाकीतले पाणी गच्चीवर चढवणारी मोटर मात्र बऱ्याच ठिकाणी ऐन संध्याकाळी घरघरते. तीच दुपारी लावली तर संध्याकाळी नळाला येणारे पाणी दुपारच्या विजेवर चढलेले असेल, आणि त्यासाठी नवे काही बांधावे लागणार नाही. टाकी तर केव्हाचीच वर आहे.