एक डोळा की दोन्ही?

ग्वाल्हेरपासून समुद्र शेकडो कोस दूर. तरीही लष्कर भागातील माझ्या दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात गेली काही वर्षे समुद्र नांदतो आहे. अर्थात काचेच्या टाकीत, मीठ मोजून तयार केलेला. त्यात क्लाउनफिशची एक जोडी आहे. रुग्णांची मुले तिच्यापुढे उभी राहिली की सुईचे भय विसरतात.

गतवर्षी जून महिन्यात, पारा पंचेचाळिशीजवळ असताना, त्यांपैकी एका माशाचा डावा डोळा फुगून बाहेर आला व त्यावर पांढुरकी साय धरली. सर्दीसाठी प्रतिजैविक मागणाऱ्या रुग्णाची रोज समजूत घालणाऱ्या या डॉक्टराने खणातून कॅप्सूल काढली आणि टाकीत रिकामी केली. रांगेत बसलेल्या एका मातेने तत्काळ विचारले, "डॉक्टरसाहेब, माशाला देता, मग माझ्या मुलालाच का नाही?" मजजवळ उत्तर नव्हते.

तीन दिवसांत डोळा होता तसाच राहिला आणि दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. टाकीतील अमोनिया पचविण्याचे काम उपयुक्त जिवाणू करीत असतात. अनेक प्रतिजैविके त्यांनाही मारतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असल्याने तेथे तोच अमोनिया अधिक घातक ठरतो. मग आठवले, आठवड्यापूर्वी दगड हलविताना याच माशाला मी जाळीने ओढून काढले होते.

नेत्रविभागात विद्यार्थिदशेत पहिला प्रश्न विचारला जाई : विकार एका बाजूस की दोन्ही? माशाच्या बाबतीतही तोच प्रश्न निम्मे निदान करतो. एकच डोळा फुगला तर बहुधा इजा. दोन्ही फुगले तर दूषित पाणी अथवा सर्वांगात पसरलेला जिवाणुसंसर्ग. डोळ्यात बुडबुडे दिसल्यास पंप हवा खेचून पाण्यात दाबाने मिसळत आहे काय, ते पाहावे. फुगवटा नसून केवळ कॉर्निया धूसर असेल, तर खरचटणे, निकृष्ट पाणी किंवा डोळ्यास चिकटलेले चपटे कृमी यांचा विचार करावा. हे कृमी पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. त्याच तापमानाच्या व पीएचच्या गोड्या पाण्यात मासा तीन ते पाच मिनिटे ठेवला की ते पांढरे पडून गळतात. मासा अस्वस्थ झाला तर अर्थातच आधीच बाहेर काढावा.

माशाला आपल्यासारख्या पापण्या नाहीत, अश्रूही नाहीत. भोवतालचे पाणीच त्याचा डोळा धुते. म्हणून माझे आग्रहाचे मत असे की, औषधाआधी पाणी तपासावे : अमोनिया, नायट्राइट, तापमान आणि क्षारता. विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास असावे. पाचवा हिस्सा पाणी बदलावे. तिघऱ्याचे नळाचे पाणी क्लोरीन काढल्यावाचून वापरू नये. आणि थांबावे. दोन्ही डोळे सुजले, माशाने अन्न सोडले, तरच वेगळ्या टाकीत औषधोपचार.

एक स्नेही म्हणतात, कुक्कुटपालनात जे खपते त्यापुढे तुमची कॅप्सूल ती काय? प्रमाणाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु टाकीचे ते पाणी अखेर गटारातच जाते. आणि माशांच्या दुकानात पिवळी पूड घेताना कोणी चिठ्ठी विचारीत नाही. शिवाय कुक्कुटपालन माझ्या प्रतीक्षाकक्षात चालत नाही. तेथे रुग्ण माझ्या हाताकडे पाहत असतात.

पाणी बदलत राहिल्यावर तीन आठवड्यांत सूज ओसरली. कॉर्नियावर बारीक पांढरा ठिपका मात्र राहिला आहे. ती माता पुढे मुलाला घेऊन आली, तेव्हा मी तिला तो ठिपका दाखविला आणि त्या दिवशी माझे चुकले होते, हे सांगितले. मुलाला सर्दीच होती. तिने या खेपेस कॅप्सूल मागितली नाही.